पेली असन मंग

तीन आठवडे झाले, माझंच एक वाक्य डोक्यातून जाऊन नाही राहिलं. मोठं काही नाही, चार शब्दांचं. "आत्ताच तं पेली, आई."

दिवाळीनंतरची दुसरी वेचणी चालू होती. तीन वाजता काट्यावर कापूस मोजायचा, कोणाचा किती किलो ते वहीत लिहायचं, त्यात एका बाईचं दोन किलोवरून बोलणं झालं, मग गाठोडी बंडीत टाकली आणि मी पायीच घरी आले. केसात कापूस, नाकात कापूस, बोटांना वाळलेल्या बोंडांचे ओरखडे, घामानं ते चुरचुरत होते. सपरीत सासूबाई भिंतीला टेकून, पाय लांब करून बसल्या होत्या. मला बघितल्याबरोबर म्हणाल्या, "चाय दे नं व माय."

आता हे वाक्य त्या दिवसातून किती वेळा म्हणतात याला काही गणती नाही. एकदा मी चुलीजवळच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारून मोजलं होतं, अकरा की बारा झाल्या, मग माझीच मला लाज वाटली आणि पुसून टाकल्या. बाराच्या बारा वेळा काही चहा द्यायचा नसतो, बहुतेक वेळा त्यांचा नुकताच झालेला असतो, कप अजून गरम असतो. त्या दिवशी तसं नव्हतं. सकाळी सातला दिला होता, दुपारी पोरगा शाळेतून येऊन त्यांना जेवायला वाढून ट्युशनला गेला, त्याला चहा करता येत नाही. म्हणजे चहा झालाच नव्हता. हे मला माहीत होतं, पूर्ण माहीत होतं, विसरले वगैरे अजिबात नव्हते. पण गॅसपर्यंत जायचं, दूध काढायचं, आलं ठेचायचं, उतू जाऊ नये म्हणून उभं राहायचं, आणि माझी पाठ उंबरठ्यापर्यंतच कशीबशी आली होती. मी म्हटलं, "आत्ताच तं पेली, आई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बाजूला पडलेल्या कपाकडे. सकाळचाच कप तो, तळाला साय वाळून चिकटलेली, काठावर मुंग्या. सोसायटीतल्या माणसानं जुनी पावती दाखवल्यावर आपण जसं मुकाट मान हलवतो तशी मान हलवली आणि म्हणाल्या, "पेली असन मंग."

आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून गप बसल्या.

मी आत जाऊन फरशीवर पडले. झोप कुठली लागते. वर पंख्याच्या पात्यांवर धूळ किती बसली आहे ते बघत होते. वीस मिनिटांनी उठून चहा केला, नेऊन दिला, त्यांनी बशीत ओतून फुर्र फुर्र करत घेतला, खूश होत्या. मधल्या वीस मिनिटांत त्यांनी परत मागितला नव्हता. रोज दहा मिनिटाला मागणारं माणूस त्या दिवशी नाही बोललं. म्हणजे तसं बघितलं तर नुकसान काय झालं, वीस मिनिटं उशीर. कोणाला सांगितलं तर म्हणेल, बाई, एवढ्यावरून काय मनाला लावून घेतेस.

खोटं काही मी पहिल्यांदा बोलले नाही. खरं सांगायचं तर सध्या माझं अर्धं बोलणं खोटंच असतं. दिवेलागण झाली, मंडळात सामुदायिक प्रार्थनेचा भोंगा सुरू झाला, ढोरं घरी आली, की आईंची चलबिचल सुरू होते. डॉक्टर लोकांकडे त्याला नाव आहे, सनडाउनिंग. आमच्या घरी त्याचं नाव गाठोडं. जुनं लुगडं पसरायचं, त्यात चोळी, फणी, देवाचा फोटो, कधी टीव्हीचा रिमोट, एकदा तर पोराचं भूमितीचं पुस्तक, सगळं बांधायचं आणि दारात जाऊन उभं राहायचं. "मले घरी जाचं हाय. गाडी चुकन माही." घरी म्हणजे माहेरी, कारंज्याकडे. गाडी म्हणजे शकुंतला. आमच्या भागात कोणाला शकुंतला समजावून सांगावी लागत नाही. १९९४ पर्यंत कोळशाच्या इंजिनवर धावली, मग डिझेल लागलं, मग बंदच पडली, आता रुळांच्या मधोमध बाभळी उभ्या आहेत आणि त्यांच्या सावलीत बकऱ्या बसतात. पण आईंच्या डोक्यातलं टेशन चालू आहे. त्या नवी नवरी म्हणून त्याच गाडीतून आल्या होत्या, कोळशाचा कण डोळ्यात गेला होता आणि लोकांना वाटलं नवरी माहेरच्या आठवणीनं रडते, ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली आहे की आता माझ्याच डोळ्यात खुपतं.

सुरुवातीला मी खरं सांगायचे. आई, गाडी बंद झाली. आई, तुमचे बाबा जाऊन चाळीस वर्षं झाली. काय व्हायचं माहीत आहे का, त्या आत्ताच पहिल्यांदा ऐकल्यासारख्या रडायच्या, छाती पिटून, शेजारपाजारचे धावून यायचे. आणि अर्ध्या तासानं परत गाठोडं. म्हणजे मी एकाच माणसाचा बाप आठवड्यातून चार वेळा मारत होते. डॉक्टर म्हणाले वाद घालू नका, विषय बदला, त्यांच्या जगात चला. मग मी शिकले. "गाडी लेट हाय आज, आई. मास्तर म्हणे दोन घंटे. तवरिक जेवून घेऊ." त्या गाठोडं खाली ठेवतात. "लेटच अस्ते व ते," म्हणतात, आणि जेवतात. या खोट्याचं मला काही वाटत नाही. उलट जमलं की हुशारी केल्यासारखं वाटतं.

मग चहाचंच का टोचतं? मी स्वतःला सांगून बघितलं की गाडीचं खोटं त्यांच्यासाठी असतं आणि चहाचं माझ्यासाठी होतं. ऐकायला बरं वाटतं, पण ते पूर्ण खरं नाही. गाडी लेट आहे हे पण मी माझ्यासाठीच बोलते, नाहीतर रात्री अकरापर्यंत दार अडवून उभं राहावं लागतं. तेव्हा ते नाही. दुसरंच काहीतरी आहे.

दवाखान्याचं सांगते. २०२३ चा पोळा झाल्यावर नागपूरला दाखवायला नेलं. एसटीत पंचाहत्तरीच्या वरच्यांना तिकीट नाही, बायकांना अर्धं, तर कंडक्टरनं आईंच्या हातात शून्याचं तिकीट ठेवलं. आईंनी ओच्यातून घडी घातलेली दहाची नोट काढून धरली. कंडक्टर म्हणे आजी, राहू द्या, तुम्हाला फुकट आहे. "फुकट कायले? आपण का भिकारी हाओ?" पूर्ण बस हसली. मला मात्र भारी अभिमान वाटला त्या दिवशी, म्हटलं हे बघा, सगळं जागेवर आहे यांचं, आपण उगाच दवाखान्यात चाललो. दहा मिनिटांनी त्यांनी मला विचारलं, "तू कोन्या गावची व बाई?"

तिथे तरुण डॉक्टर होते, चांगले होते बोलायला, घाई नव्हती. त्यांनी विचारलं आजी आज वार कोणता? आई म्हणाल्या, बाजाराचा. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी खूण केली, चुकल्याची असावी. मी म्हटलं डॉक्टरसाहेब, आज मंगळवार आहे आणि आमच्या गावचा बाजार मंगळवारचा असतो. ते हसले आणि खोडलं. महिना कोणता? "पोळा झाला, आता महालक्ष्म्या येतीन." परत खोडाखोड. मला वाटत होतं जिंकून राहिलो आपण. मग ते म्हणाले मी तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा, थोड्या वेळानं विचारीन. पाच मिनिटांनी विचारलं तर आई अगदी अदबीनं म्हणाल्या, "कोनते शब्द? तुमी कवा सांगतले?" एकही नाही. नुसता शब्द गेला असता तर ठीक होतं, पण कोणी शब्द सांगितले होते हेच गेलं होतं. आणि तिथे बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की आंबा आणि खुर्ची मला आठवतं, तिसरा शब्द मलाही आठवत नाही. अजूनही आठवला नाही. झोप नसली की असं होतं म्हणतात.

रक्त तपासलं, बी-ट्वेल्व बघितलं, थायरॉइड बघितलं, कारण कधीकधी त्यातूनही विसरणं येतं आणि ते औषधानं सुधरतं. आमचं नशीब, दोन्ही बरोबर निघालं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून नाराज झाले. एमआरआय झाला. अल्झायमर. डोनेपेझिलची गोळी लिहून दिली, यानं आजार जात नाही, थोडा काळ जरा बरं राहतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. परतीच्या एसटीत मी रडले नाही. यवतमाळच्या स्टँडवर आईंनी मला गरम आलुबोंडा घेऊन द्यायला लावला आणि अर्धा मला दिला.

यांचं म्हणजे माझ्या नवऱ्याचं सांगायचं तर लोक म्हणतात पोटचा पोरगा असून आईजवळ बसत नाही, सगळं सुनेवर. मी पण म्हणायचे. भांडण झालं आमचं त्यावरून, जेवण टाकून उठले एकदा. मग एके दिवशी मी बघितलं. हे वावरातून आले, सपरीत पाय ठेवला, आणि आईंनी झटकन डोक्यावरून पदर ओढला, तोंड भिंतीकडे केलं आणि अंग चोरून बसल्या. स्वतःच्या पोरासमोर. त्यांना ते त्यांचे सासरे वाटतात, नाहीतर भासरे, नाकीडोळी तसेच दिसतात म्हणे. हे तिथेच थांबले, चप्पल पायात तशीच, आणि मागे फिरून गोठ्याकडून घरात आले. तेव्हापासून हे गोठ्याच्या दारानंच येतात. दोघंही एकमेकांसाठी किती जपून वागतात बघा, आणि भेट नाही. त्यानंतर मी यांना काही म्हणत नाही. म्हणत नाही याचा अर्थ राग गेला असा नाही. लुगडं खराब झालं की धुवायला मीच असते, हे गोठ्यात असतात, आणि त्या क्षणी मला ते सासरे-भासरे काही सुचत नाही.

नणंदबाई पुण्याला. रविवारी व्हिडिओ कॉल. आता गंमत अशी की कॉल लागला की आई एकदम सरसावून बसतात, पदर नीट करतात, "बरी हाय नं पोरी? जेवली? जवाई बरे हायत?" सगळं बरोबर. पाच मिनिटं. ताई म्हणतात, वहिनी, आई तर एकदम छान आहे, तू उगाच टेन्शन घेतेस, बदाम भिजवून दे, शब्दकोडी सोडवायला दे. आईंना अक्षर ओळख नाही हे ताईंना माहीत आहे तरी शब्दकोडी. फोन ठेवला की आई विचारतात, "कोन होती व ते बाई? चांगली होती बिचारी." हे मी ताईंना आजपर्यंत सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्यांना कळेल माझं काय चाललं आहे, हे खरं, पण ते ऐकून ताई पुण्यात एकट्या बसून काय करतील. तेव्हा असो. बाई लावा म्हणतात सगळे. लावली होती. आठ दिवस टिकली. आईंनी तिच्यावर बटवा चोरल्याचा आळ घेतला, गावभर केला, ती बिचारी हातापाया पडून गेली. बटवा ज्वारीच्या कोठीत सापडला.

आता जे सांगायचं टाळत आहे ते सांगते.

माझं लग्न झालं तेव्हा या घरात साखरेला कुलूप होतं. खरोखरचं. आईंच्या खोलीत शिसवी पेटी, पेटीत साखर, चहापत्ती, गूळ, तुपाची बरणी, आणि किल्ली सुतळीत ओवून आईंच्या कमरेला. चहा दोनदा, सकाळी आणि पुरुष माणसं वावरातून आल्यावर. मी ज्या घरातून आले तिथे पाहुणा असो नसो दिवसातून पाच वेळा चहा उकळायचा. माझं डोकं ठणकायचं, मी नवी, बी.ए. झालेली, चहासाठी तोंड उघडायची लाज. एकदा चार वाजता धीर करून म्हटलं, आई, थोडी चाय ठेवू का? त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आत्ताच तं पेली होती नं तू."

मी पेली नव्हती. सकाळपासून नव्हती, त्या दिवशी दूध नासलं होतं. त्यांनाही ते माहीत होतं. आणि मी काय म्हटलं असेल? काहीच नाही. आत गेले. त्यानंतर आठवड्याभरात शेजारच्या काकूंनी मला विहिरीवर विचारलं, काय व, तू चोरून साखर खाते म्हणे. काकू हसत होत्या पण विचारलं. मी नाही म्हटलं तर त्यांनी ज्या नजरेनं बघितलं, ती नजर मी अजून विसरले नाही. घरात दोन महिन्यांच्या सुनेचा शब्द आणि तीस वर्षं संसार केलेल्या सासूचा शब्द, कोणाचा खरा धरतील लोक?

तर ते चार शब्द माझे नव्हतेच. मी त्या दिवशी तोंड उघडलं आणि आत इतकी वर्षं पडून असलेलं त्यांचंच वाक्य बाहेर आलं, चाल सुद्धा तीच. मी थकले होते म्हणून बोलले की मला बोलायचंच होतं, हे मला ठरवता येऊन नाही राहिलं. रात्री कूस बदलली की एकदा हे वाटतं, एकदा ते.

त्यात अजून एक आहे. ते भांडण आता माझं एकटीचं झालं आहे. आईंना साखर आठवत नाही, कुलूप आठवत नाही, विहिरीवरची गोष्ट आठवत नाही. मी पंधरा वर्षं मनात तयारी करत होते, एक दिवस यांना विचारीन, का वागल्या तुम्ही असं. चांगली लांबलचक वाक्यं तयार होती, भांडी घासताना सुधरत राहायचे. आणि ज्यांना विचारायचं त्या माणसानं गावच सोडलं. जी बाई सपरीत बसली आहे ती मला माय म्हणते, माझ्या गालावरून हात फिरवते, आलुबोंडा अर्धा देते. लग्नानंतर पहिल्यांदा माझी सासू माझ्याशी चांगली वागून राहिली आहे आणि ते तिच्या आजारामुळे. मला ती आवडायला लागली आहे. आणि ज्या रात्री झोपू देत नाही त्या रात्री मनात येतं की सुटो एकदाची. दोन्ही एकाच दिवशी, कधी एकाच तासात. किल्ली अजून कमरेलाच आहे. पेटीत आता चिंध्या आणि पारले-जीचे अर्धे पुडे, मुंग्या लागलेले, रात्री उठून त्या कुलूप तपासतात.

रात्री एकदा उठले की परत झोप नाही. मग फोन. सगळे झोपलेले, मी पांघरुणात उजेड लपवून वाचत असते. २०२३ मध्ये छापून आलेल्या एका देशभरच्या अभ्यासाचा अंदाज आहे की साठीच्या वरच्या शंभरातल्या साधारण सात जणांना असा विसरण्याचा आजार, डिमेन्शिया, आहे, म्हणजे ८८ लाख माणसं, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. मी अंधारात आमचं गाव मोजायला लागले. वरच्या आळीतली ती म्हातारी जिला चळली म्हणतात. पारावर बसून दिवसभर कापसाच्या बंड्या मोजतो तो बुढा. मागच्या साली विहिरीत सापडली ती. सगळ्यांना एकच शब्द, म्हातारचळ. आणि त्या प्रत्येक घरात माझ्यासारखी एक बाई असेल, ती काय करते रात्री? तिच्याजवळ तर फोनही नसेल.

ज्याच्या नावाचा हा आजार त्या डॉक्टर अल्झायमरकडे १९०१ मध्ये पहिली पेशंट आली ती एक्कावन वर्षांची बाई होती, जर्मनीतल्या फ्रँकफुर्टला. तिचा नवरा रेल्वेत क्लार्क. बाईबद्दल किती लिहिलेलं आहे, तिचा मेंदू, तिची उत्तरं, तिची अक्षरं. मी त्या नवऱ्याला शोधत होते. संध्याकाळी ड्युटीवरून येऊन तो चूल कशी पेटवत असेल, ती त्याच्यावर नाही नाही ते संशय घ्यायची म्हणतात, तर शेजारी काय बोलत असतील. त्याच्याबद्दल एका ओळीच्या वर काही हाती लागलं नाही.

मग एक प्रश्नावली सापडली, झॅरिट नावाच्या माणसाची, सांभाळणाऱ्यांवर किती बोजा आहे ते मोजायची. बावीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार, सगळे मिळून ८८. परत ८८, मला हसूच आलं. तुम्हाला त्यांच्याजवळ असताना राग येतो का, तुम्हाला स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, अशा धर्तीवर. आणि शेवटी शेवटी, तुम्ही त्यांच्यासाठी अजून करायला पाहिजे असं वाटतं का. म्हणजे त्या माणसाला माहीत होतं, राग आणि हे दुसरं एकाच डोक्यात राहतं. मला ५४ आले. बारावीत इंग्रजीला याच्यापेक्षा कमी होते. चहाबद्दल मात्र बावीसमध्ये एकही प्रश्न नव्हता.

आशाताई बीपी मोजायला आल्या तेव्हा आईंचं चांगलं निघालं, माझं वर. त्यांनी मला १४४१६ नंबर दिला, टेली-मानस, म्हणे फुकट आहे, मराठीत बोलतात, मन मोकळं कर. मी तो फोनमध्ये 'मावशी' नावानं सेव्ह केला, न जाणो कोणी बघितला तर. तीन महिने नुसताच होता. एकदा केला, वावरातून, तुरीच्या ओळीत बसून, कोणी ऐकू नये म्हणून. पलीकडची बाई शांतपणे ऐकत होती. मी सगळं सांगितलं, झोप, लुगडी, गोठ्याचं दार. चहाचं सांगायला गेले आणि वेचणीवाल्या बाया आल्या. ठेवते मावशी, म्हटलं.

परवा शेजारच्या काकू विरजण न्यायला आल्या. त्याच काकू, विहिरीवरच्या, आता गुडघे धरून चालतात. सपरीत टेकल्या. आईंनी त्यांना जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, माही सून मले चाय नाई देत."

काकूंनी आईंच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून डोळा बारीक केला. "असंच अस्ते व त्यायचं. माही सासू बी गावभर सांगे, जेवाले नाई देत म्हून. तू मनाले नोको लावून घेऊ. सारं गाव पाह्यते तू किती करते ते."

सारं गाव. आईंनी आता काहीही सांगितलं, अगदी खरं सांगितलं, तरी कोणी धरणार नाही. मी काहीही सांगितलं तरी धरतील. मला सांगायचं होतं की काकू, एक दिवस खरंच नव्हती दिली. तोंड उघडलं होतं मी. आणि त्यातून निघालं काय, तर "काकू, बसा, चाय ठेवतो."

आलं ठेचलं, साखर जरा जास्तच टाकली. तिघींचा केला. आईंना बशीत ओतून दिला, तसाच लागतो त्यांना. दोन घोट घेऊन, बशी दोन्ही हातात धरलेली, वरच्या ओठाला चहाची रेघ, त्या काकूंकडे झुकल्या आणि म्हणाल्या, "पाह्य, अजून नाई देल्ली तिनं."

काकू इतक्या हसल्या की ठसका लागला. त्या हसल्या म्हणून आईही हसल्या, दात नसलेलं तोंड उघडून, बशी हलली, अर्धी मांडीवर सांडली. मी फडकं घेऊन पुसायला खाली बसले. आईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, ओला, चिकट, आणि वाकून विचारलं, "देशीन नं व माय?"

"देतो, आई. ठेवलीच हाय गॅसवर."